नवं पिस्तूल का अडकतं?



नवरात्र तोंडावर आलं की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा रोख बदलतो. एरवी मिक्सर, शिलाई मशीन, पाण्याची मोटर. पण खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं-अवजारं पाटावर मांडायची म्हटल्यावर कपाटातली परवान्याची बंदूकही बाहेर येते, आणि तिच्याबरोबर तिच्या तक्रारीही. आपल्या ग्वाल्हेर-चंबळ पट्ट्यात परवान्याचं हत्यार ही काही अपूर्वाई नाही. आधीच्या पिढीकडे बारा बोरची दुनळी असायची. आता पेट्रोल पंपवाले, सराफ, ठेकेदार अशी मंडळी कमरेला बसेल असं छोटं पिस्तूल घेतात. दुनळी फार कुरकुर करत नाही. छोटं पिस्तूल, तेही नवं कोरं, हमखास करतं.

मी फौजेत ई.एम.ई.मध्ये आर्मरर होतो. ईशापूरला बनणारं ९ मिलिमीटरचं पिस्तूल किती वेळा उघडलं आणि जोडलं याची गणती नाही. निवृत्तीनंतर हे काम सुटलं, पण सल्ला विचारणारे सुटले नाहीत. या उन्हाळ्यात असा सल्ला घरातच द्यावा लागला, म्हणून आज तोच विषय घेतो.

माझ्या भाच्याचा भिंड रस्त्याकडे पेट्रोल पंप आहे. तीन वर्षांपूर्वी बँकेत भरणा करायला निघालेल्या भावजींवर हल्ला झाला. पैसे गेले ते गेले, त्यांचा डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. त्यानंतर भाच्याने परवान्यासाठी अर्ज केला, बऱ्याच खेपा घातल्या, आणि शेवटी .३२ बोरचं छोटं पिस्तूल घेतलं. पन्नास काडतुसं आणली, रेंजवर गेला, १८ झाडली आणि वैतागून परत आला. दर थोड्या वेळाने काहीतरी अडकत होतं. दुकानदाराला फोन केला तर उत्तर मिळालं, “नया है, चलाते-चलाते सेट हो जाएगा.” दुसऱ्या कुणी सांगितलं, एका मिस्त्रीकडे दे, तो आतून घासून गुळगुळीत करून देईल. त्याच आठवड्यात बँकेला तीन दिवस जोडून सुट्टी होती आणि पंपावर मोठी रोकड साठणार होती. ताईचा मला फोन आला, “तू एकदा ये आणि बघ. हा ते खिशात घालून जाईन म्हणतोय.”

आधी हे छोटं पिस्तूल काय चीज आहे ते समजून घेऊ.

आपल्याकडे ९ मिलिमीटरचं काडतूस सामान्य नागरिकाला वर्ज्य आहे, म्हणून परवान्याची पिस्तुलं बहुतेक .३२ची असतात. हे काडतूस ब्राउनिंगसाहेबांनी १८९९च्या सुमारास काढलं. म्हणजे सव्वाशे वर्षांचं जुनं, सौम्य धक्क्याचं. यावर चालणाऱ्या बहुतेक पिस्तुलांची रचना अगदी साधी असते. गोळी पुढे जाते, त्याच दाबाने रिकामी पुंगळी मागे ढकलली जाते, आणि ती आपल्यासोबत वरची स्लाइड मागे नेते. स्लाइडला रोखून धरायला असतं काय? तिचं स्वतःचं वजन आणि एक स्प्रिंग, बस्स. स्लाइड पूर्ण मागे गेली की पुंगळी बाहेर उडते, परत पुढे येताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस ढकलत नळीत नेते. एवढं सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत.

मोठ्या पिस्तुलात या ये-जा करण्याला ऐसपैस जागा असते. छोट्यात स्लाइड हलकी, म्हणून स्प्रिंग कडक. लांबी कमी, म्हणून धाव तोकडी. चूक पोटात घालायला जागाच नाही. त्यात नवेपणी स्प्रिंग अजून ताठ, घासणारे पृष्ठभाग खरखरीत, आणि कारखान्यातून येताना गंजू नये म्हणून फासलेलं जाड ग्रीस तसंच. त्यामुळे “चालवून सेट होतं” या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. पण थोडंच. स्प्रिंग चालवून नरम होते, वाकलेलं मॅगझिन चालवून सरळ होत नाही.

आणि आपल्याकडे “चालवून बघू” म्हणणं परवडत नाही. परदेशी लोक नव्या पिस्तुलातून दोनशे गोळ्या झाडा असं सहज सांगतात. आपल्या परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं घेता येतील ते लिहिलेलं असतं, आणि काडतूस महागही आहे. म्हणून आपल्याला प्रत्येक गोळीकडून काहीतरी शिकून घ्यावं लागतं. भाच्याच्या १८ गोळ्या गेल्या, पण त्या काय सांगत होत्या हे कुणी लिहून ठेवलंच नव्हतं. “अडकलं” एवढंच त्याला आठवत होतं. डॉक्टरकडे जाऊन “बरं वाटत नाही” एवढंच सांगितल्यासारखं हे झालं.

अडकणं एक प्रकारचं नसतं. ढोबळ मानाने पाच प्रकार ओळखता आले तरी पुरे.

पहिला, नवीन काडतुसाचं नाक नळीच्या तोंडाशी असलेल्या उतारावर आपटून थांबतं. संशय आधी मॅगझिनवर घ्यावा. त्याचे वरचे ओठ दबलेले किंवा फाकलेले असतात, स्प्रिंग कमजोर असते, नाहीतर मॅगझिन पुरतं खटक्यात बसलेलं नसतं.

दुसरा, काडतूस आत गेलं पण स्लाइड शेवटची रेघभर बंद होत नाही. जाड ग्रीस, चेंबरमधली घाण, किंवा पहिली गोळी भरताना स्लाइड हाताने हळूहळू सोडण्याची सवय. स्लाइड पूर्ण मागे ओढून सोडून द्यायची असते, हाताने पोचवायची नसते.

तिसरा, रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता स्लाइडमध्ये चिमटली जाते आणि धुराड्यासारखी उभी राहते. याचा अर्थ बहुधा स्लाइड पुरेशी मागे गेली नाही. कारण काडतूस कमजोर, स्प्रिंग फार ताठ, किंवा धरणाऱ्याचं मनगट सैल. सैल मनगटाची गंमत अशी, की सैल धरलेल्या पाटीवर खिळा ठोकला तर पाटीच मागे सरकते. तसं इथे अख्खं पिस्तूलच स्लाइडबरोबर मागे जातं, मग स्लाइडला तिची पूर्ण धाव मिळत नाही.

चौथा, पुंगळी चेंबरमधून निघतच नाही आणि मागून दुसरं काडतूस येऊन तिला धडकतं. चेंबर खराब किंवा पुंगळीची कड धरून ओढणारा आकडा सदोष. हे बरंचसं दुकानदाराकडे पाठवण्याचं काम.

पाचवा, चाप ओढला, टक् असा आवाज आला, गोळी सुटली नाही. काडतूस फुसकं असेल किंवा बुडाच्या टोपीवर पिनचा ठोका हलका पडला असेल. इथे घाई करायची नाही. काही वेळा दारू उशिरा पेटते. नळी निशाण्याकडेच ठेवून निदान मिनिटभर थांबायचं, मगच काडतूस काढायचं.

यात .३२ची आपली अशी एक खोड आहे. या काडतुसाच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित बाहेर असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, तर वरचं पुढे सरकूच शकत नाही, दोन्ही एकमेकांत अडकून बसतात. म्हणून भरताना प्रत्येक नव्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे बसली ना, हे बघायचं. रिव्हॉल्वरचंही काडतूस .३२ म्हणूनच ओळखलं जातं, पण ते लांब आणि वेगळं. आकडा सारखा म्हणून एकाचं दुसऱ्यात वापरायचं नाही.

आता आमच्या चाचणीचं सांगतो. आधी पिस्तूल रिकामं केलं, पुस्तिकेत दाखवलंय तेवढंच उघडलं आणि सगळं ग्रीस पुसून काढलं. स्लाइडच्या खाचांत तेलाचा एकेक थेंब, बाकी कोरडं. तेल जास्त झालं तर आपल्याकडची धूळ त्यात बसून लापशी होते. दोन मॅगझिनवर नेलपॉलिशने ‘अ’ आणि ‘ब’ अशा खुणा केल्या. एक शंभर पानी वही घेतली. उरलेली ३२ काडतुसं, म्हणजे आठ-आठच्या चार फेऱ्या.

परवाना भाच्याचा, म्हणून गोळ्या त्यानेच झाडायच्या. रेंजवरचे उस्ताद बाजूला, मी मागे वही घेऊन. पहिल्या दोन फेऱ्यांत मी त्याला म्हटलं, “तू रोज धरतोस तसंच धर, मी काही बोलणार नाही.” तो एका हाताने, कोपर वाकवून धरत होता, करंगळीला मुठीवर जागाच नव्हती. ‘अ’ मॅगझिनमध्ये दोनदा पुंगळी उभी राहिली. ‘ब’मध्ये एकदा पुंगळी उभी राहिली आणि दोनदा काडतुसाचं नाक उतारावर अडकलं.

मग उस्तादांनी त्याची पकड बदलली. दोन्ही हात, मूठ जमेल तेवढी वर, मनगट ताठ, अंगठे स्लाइडला न लागता. पुन्हा तीच दोन मॅगझिन. ‘अ’मध्ये आठच्या आठ सुटल्या. ‘ब’मध्ये पुंगळी एकदाही उभी राहिली नाही, पण नाक मात्र दोनदा अडकलं.

वही त्याच्यापुढे धरली. तो दोन मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, “मामा, म्हणजे हे दोन वेगळे आजार आहेत.”

अगदी तेच. पुंगळी उभी राहणं हाताबरोबर येत होतं आणि हाताबरोबर गेलं. नाक अडकणं ‘ब’ मॅगझिनला चिकटलेलं होतं. दोन दोष एकमेकांत मिसळल्यामुळे त्याला वाटत होतं, पिस्तूलच वाईट निघालं. मिस्त्रीने उतार घासला असता तर हात सुधारला नसता, मॅगझिनही नाही, आणि चांगला उतार मात्र बिघडला असता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहायचं, एवढंच आमचं शास्त्र. मिक्सरला लागू, पिस्तुलाला लागू.

मिस्त्रीबद्दल आणखी दोन शब्द. हत्यार दुरुस्त करायलाही शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, त्यामुळे गल्लीतल्या खराद्याकडे ते देणं हा गुन्हा आहे. आणि “स्प्रिंग जरा कापून देतो, हलकं चालेल” असं कुणी म्हणालं तर तिथून निघा. वर सांगितलं तसं, स्लाइडला रोखायला वजन आणि ती स्प्रिंग एवढंच आहे. स्प्रिंग कमी केली की आत दाब असतानाच स्लाइड उघडू लागते.

‘ब’ मॅगझिन वहीसकट दुकानदाराकडे गेलं. मोघम तक्रार नव्हती, लिहिलेला हिशेब होता, म्हणून फार वाद न होता बदलून मिळालं. ओठाची एक बाजू किंचित आत दबलेली होती, ती डोळ्यांना दिसत नव्हती, पण चांगल्या मॅगझिनशेजारी धरून बोट फिरवल्यावर कळत होती.

तोवर तीन दिवसांची सुट्टी आलीच. भाच्याचं म्हणणं, एक मॅगझिन तर ठीक आहे, तेवढं घेऊन जातो. मी नको म्हटलं. आठ गोळ्या नीट सुटल्या म्हणजे भरवसा बसला असं होत नाही. न चालणारं पिस्तूल हे पिस्तूल नसण्यापेक्षा वाईट, कारण ते माणसाला नको तिथे थांबण्याचं धाडस देतं. एरवी जो गाडी वळवून निघून गेला असता, तो कमरेला हात लावून उभा राहतो. भावजी पलंगावर बसून ऐकत होते. एवढंच म्हणाले, “माझ्याकडे असतं तरी वेळ मिळाला नसता.” त्यानंतर भाचा काही बोलला नाही. सुट्टीत रोकड दोन वेगळ्या वेळांना, दोन माणसांनी, वेगळ्या वाटेने हलवली. पुढच्याच महिन्यात पंपावरून थेट रोकड उचलून नेण्याची सोय बँकेशी बोलून करून घेतली.

पुढची पन्नास काडतुसं आल्यावर दोन खेपांत ४८ झाडली, दर खेपेला २४, दोन्ही मॅगझिन सारखी वापरून. पहिल्या खेपेनंतर मुद्दाम पुसलं नाही, आठवडाभराने तसंच पुन्हा नेलं. ४८ पैकी एकही अडकली नाही. मग मी त्याला म्हटलं, “आता हे तुझं झालं.” पण रोकड अजूनही बँकेची गाडीच नेते.

ज्यांच्या घरी असं हत्यार आहे त्यांनी पुढच्या चार गोष्टी कापून कपाटाच्या दाराला चिकटवाव्यात.

एक. काहीही अडकलं की बोट चापावरून बाहेर, नळी निशाण्याकडे, आणि आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढायची. क्रम उलटा केला तर एक काडतूस बाहेर पडतं आणि मॅगझिनमधलं दुसरं आत जाऊन बसतं. आपण समजतो पिस्तूल रिकामं झालं. घरातले अपघात असेच होतात. स्लाइड दोन-तीनदा ओढा, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि करंगळीने चाचपा. मॅगझिन निघतच नसेल तर ओढाताण नको, रेंजवरच्या उस्तादांना हाक मारा.

दोन. एखादी गोळी नेहमीपेक्षा दबक्या आवाजात सुटली, धक्का जाणवलाच नाही, तर तिथेच थांबा. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फुटते, हातही जातो. पिस्तूल रिकामं करून नळी आरपार दिसते का हे बघितल्याशिवाय पुढची गोळी नाही.

तीन. चाचणी फक्त अधिकृत रेंजवर. शेतात नाही, गच्चीवर नाही, आणि वरातीत तर मुळीच नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आपल्या भागात लग्नसराईत अशा गोळीबारात कुणीतरी गेल्याची बातमी सगळ्यांनीच कधी ना कधी वाचली आहे.

चार. घरात पिस्तूल आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपांत, आणि किल्ली मुलांना ठाऊक नाही अशा जागी.

आणि खंडेनवमीचं. पूजेला हत्यार मांडण्याआधी वर सांगितलेल्या क्रमाने रिकामं करा, मॅगझिन आणि काडतुसं पाटावर आणूच नका. हळद-कुंकू हत्याराच्या पेटीला किंवा खाली घातलेल्या कापडाला लावा. स्लाइडवर टाकलेलं कुंकू तेलात मिसळून खाचांत उतरतं आणि सुकून घट्ट बसतं. अक्षता तर नेमक्या जिथे जाऊ नयेत तिथे जातात. झेंडूचं फूल शेजारी ठेवलं तरी देवीला पोचतं.

पुढच्या अंकात दिवाळीचा फराळ, म्हणजे पुन्हा मिक्सर. चकलीची भाजणी दळताना तो गरम होऊन बंद का पडतो, असं बऱ्याच वहिनींनी विचारलं आहे. तोवर त्यांनीही एक वही घ्यावी. किती वाट्या घातल्या, किती मिनिटं चालवला आणि कधी बंद पडला, एवढं लिहून ठेवलंत की माझं अर्धं काम झालं.

सर्वांना दसऱ्याच्या शुभेच्छा.